जुनी व्होल्वो पारखताना : ब्रँडचे नाव बाजूला ठेवून समोरची गाडी कशी तपासावी

सुरक्षित गाडी म्हटले की बहुतेकांच्या तोंडी पहिले नाव व्होल्वोचे येते, आणि जुनी गाडी घेणाऱ्याची फसगत अनेकदा तेथूनच सुरू होते. नाव ऐकून तो निर्धास्त होतो. समोर उभी असलेली गाडी कोणत्या साली बनली, त्या साली कारखान्याने तिच्यात काय बसवले होते आणि त्यानंतरच्या मालकांनी तिची निगा कशी राखली, हे विचारायचे राहूनच जाते. म्हणून आधी कंपनीचा इतिहास तारखांसकट कसा वाचावा, मग मालकांचे अनुभव कसे चाळून घ्यावेत आणि शेवटी गाडीपाशी उभे राहून काय काय तपासावे, अशा क्रमाने हे सांगत आहे. सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करतो. ट्रक आणि बस बनवणारी व्होल्वो आणि मोटारी बनवणारी व्होल्वो या आज दोन निराळ्या कंपन्या आहेत. मोटारींचा व्यवसाय १९९९ मध्ये फोर्डने विकत घेतला आणि २०१० मध्ये तो चीनच्या जीली समूहाकडे गेला. तेव्हा बसच्या दणकटपणावरून मोटारीचा अंदाज बांधू नये.

आसार गाब्रिएल्सन आणि गुस्ताफ लार्सन यांनी उभारलेल्या या कंपनीची पहिली मोटार १४ एप्रिल १९२७ रोजी स्वीडनमधील गोथेनबर्गच्या कारखान्यातून बाहेर पडली. जुनी गाडी घेणाऱ्याच्या कामाचा इतिहास मात्र १९५०च्या दशकाच्या अखेरीस सुरू होतो. निल्स बोलिन हा अभियंता पूर्वी साब कंपनीत लढाऊ विमानांच्या इजेक्शन सीटवर काम करत असे. तो १९५८ मध्ये व्होल्वोत आला. त्या काळी मोटारीत पट्टा असलाच तर तो केवळ पोटावरून जाणारा असे, आणि धडक बसली की त्याचे बक्कल पोटात रुतून आतल्या अवयवांना इजा होण्याची भीती असे. बोलिनने छातीवरून तिरका जाणारा आणि मांड्यांच्या वर आडवा बसणारा असे दोन पट्टे नितंबाजवळ खालच्या बाजूला एकाच जागी जोडले. त्यामुळे धक्क्याचा भार बरगड्या आणि कंबरेचे हाड या मजबूत भागांवर वाटला गेला, आणि पट्टा एका हाताने लावता येऊ लागला. माझ्या मते या रचनेचे खरे यश एका हाताने लावता येण्यातच होते, कारण जो पट्टा लावायला कटकटीचा असतो तो कोणी लावत नाही. १९५९ मध्ये पीव्ही ५४४ या मॉडेलमधून हा पट्टा ग्राहकांच्या हाती पोचला, आणि कंपनीने त्याचे पेटंट इतर उत्पादकांनाही वापरू दिले. पुढे १९६७ मध्ये स्वीडनमधील सुमारे २८,००० अपघातांच्या अभ्यासातून पट्ट्याचा उपयोग आकड्यांनिशी मांडला गेला.

त्यानंतरच्या तारखा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या मनात ठेवाव्यात आणि आपण पाहत असलेली गाडी कोणत्या पायरीवर उभी आहे ते ठरवावे. १९६६ मध्ये आलेल्या १४४ मध्ये धडकेचा जोर शोषून चुरगळणारे पुढचे व मागचे भाग, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि एक बाजू निकामी झाली तरी काम करणारी दुहेरी ब्रेक यंत्रणा होती. मागे तोंड करून बसवायची लहान मुलांची सीट १९७२ मध्ये आली. बाजूच्या धडकेचा भार दरवाजाकडून संपूर्ण सांगाड्यात पसरवणारी रचना १९९१ च्या ८५० मध्ये आली, आणि बाजूची एअरबॅग १९९४ मध्ये त्याच मॉडेलमध्ये मिळू लागली. मागून धडक बसल्यावर मान झटक्याने मागे जाऊन होणारी इजा कमी करणारी व्हिप्स सीट आणि खिडक्यांवर उघडणारी पडद्यासारखी एअरबॅग १९९८ च्या एस ८० पासून दिसू लागली. उंच गाडी उलटू नये यासाठीची नियंत्रणव्यवस्था घेऊन एक्ससी ९० २००२ मध्ये आली. कमी वेगात पुढच्या वाहनावर आदळण्याआधी आपोआप ब्रेक लावणारी सिटी सेफ्टी यंत्रणा २००८ च्या एक्ससी ६० मध्ये बसवली गेली. यात एक ग्यानबाची मेख आहे. एखादी सोय कंपनीने अमुक साली आणली याचा अर्थ त्या सालची प्रत्येक व्होल्वो तिच्यासह बाहेर पडली असा होत नाही. काही सोयी आधी जास्तीचे पैसे भरणाऱ्यालाच मिळत आणि जुन्या मॉडेलांपर्यंत पोचायला त्यांना वेळ लागे. म्हणून सालावर न जाता सीटच्या कडेला, खांबांवर आणि डॅशबोर्डवर एअरबॅगची खूण आहे का, हे डोळ्यांनी पाहावे.

ही पायऱ्यांची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते, कारण सर्वांत लाडक्या व्होल्वो खालच्याच पायऱ्यांवर आहेत. १९७४ ते १९९३ या काळात बनलेली चौकोनी २४० सुमारे २८ लाखांच्या संख्येने विकली गेली आणि आपल्या काळात ती खरोखरच पुढे होती; पण काळ थांबत नाही. ब्रिटनमधील मोटारींविषयीच्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात तिच्या नंतरच्या पिढीतील ९४० इस्टेट, म्हणजे मागे सामानासाठी लांब जागा असलेली गाडी, आणि रेनोची मोडस ही आधुनिक छोटी गाडी समोरासमोर आदळवण्यात आली, तेव्हा छोट्या गाडीची चालकाची जागा जवळपास शाबूत राहिली आणि भल्याथोरल्या ९४० च्या चालकाच्या पायांपाशी सगळे आत दबले गेले. नावलौकिकाची दुसरी बाजू १९९० मध्ये उघड झाली. अवाढव्य चाकांचा ट्रक ओळीने उभ्या गाड्यांवरून जातो आणि फक्त व्होल्वो उभी राहते, अशी जाहिरात अमेरिकेत दाखवली गेली. चित्रीकरणासाठी व्होल्वोला आतून आधार दिला होता आणि इतर गाड्यांचे खांब कापून कमजोर केले होते, हे बाहेर आल्यावर ती मागे घ्यावी लागली. याउलट २०१२ मध्ये अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने गाडीचा पुढचा फक्त कोपरा अडथळ्यावर आदळवणारी नवी चाचणी सुरू केली, तेव्हा पहिल्या फेरीतील ११ गाड्यांपैकी दोनच गाड्यांना सर्वोच्च श्रेणी मिळाली आणि त्यांतली एक एस ६० होती. विश्वास ठेवायचा तो अशा मोजलेल्या गोष्टीवर, आणि तोही त्याच मॉडेलापुरता व त्याच पिढीपुरता.

आता मालकांचे अनुभव. ते जरूर ऐकावेत, पण ते दोन प्रकारचे असतात हे ध्यानात ठेवावे. ‘या गाडीमुळे मी वाचलो’ हा पहिला प्रकार. तो खोटा नसतो, पण ज्यांचे नशीब तितके बलवत्तर नव्हते ते सांगायला येत नाहीत, त्यामुळे त्यावरून तुलना करता येत नाही. दीर्घायुष्याच्या कहाण्यांचेही तसेच. अमेरिकेतील आयर्व्ह गॉर्डन यांनी १९६६ सालची आपली पी १८०० एस २०१३ मध्ये ३० लाख मैलांच्या, म्हणजे सुमारे ४८ लाख किलोमीटरच्या पुढे नेली. ही गोष्ट ऐकून व्होल्वो अमर असते असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात. मला मात्र त्यात वेळच्या वेळी ऑइल बदलणारा आणि लांब पल्ल्याचे महामार्ग तुडवणारा माणूस अधिक दिसतो.

दुसरा प्रकार रुक्ष असतो आणि तोच कामाचा असतो : तीच तक्रार, त्याच मॉडेलची, त्याच सालांची, एकमेकांना न ओळखणाऱ्या मालकांकडून. १९८०च्या दशकातील बऱ्याच २४० गाड्यांत इंजिनाजवळच्या वायरींवरील आवरण ठिसूळ होऊन गळून पडते. त्याच गाडीच्या किलोमीटर मोजणाऱ्या यंत्रातील प्लॅस्टिकची छोटी चक्री तुटते; वेगाचा काटा हलत राहतो आणि आकडा जागीच थांबतो, त्यामुळे ‘इतकीच चालली आहे’ या वाक्याला काही अर्थ उरत नाही. ८५० मध्ये एबीएसच्या, म्हणजे जोरात ब्रेक लावल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, नियंत्रकातील डाखाचे जोड तडकून दिवा लागतो. १९९९ नंतरच्या काही वर्षांतील एस ८० आणि व्ही ७० मध्ये इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारा इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल दगा देतो. पहिल्या पिढीच्या एक्ससी ९० मधील दोन टर्बो असलेल्या सहा सिलिंडरच्या टी ६ बाबत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची तक्रार सर्वत्र ऐकू येते. असे दोष कळल्यावर लगेच पाय मागे घेण्याची गरज नसते. विकणाऱ्याला ‘अमुक काम केले आहे का, त्याचे बिल आहे का’ असे नेमके विचारता येते, हाच त्यांचा उपयोग.

एक दोष जवळून पाहण्यासारखा आहे, कारण तो तपासायला पातळ रबरी हातमोज्याखेरीज काही लागत नाही. इंजिन चालताना पिस्टनच्या रिंगांमधून थोडे वायू खाली झिरपतात आणि ते एका नळीवाटे पुन्हा इंजिनात ओढले जातात. २४० च्या काळातील इंजिनांत या वाटेवर फ्लेम ट्रॅप नावाचा बारीक छिद्रांचा प्लॅस्टिकचा तुकडा असतो, आणि पुढच्या पाच सिलिंडरच्या इंजिनांत ऑइल वेगळे करणारी डबी असते. ऑइल बदलण्यात टाळाटाळ झाली की दोन्ही काळ्या चिकट गाळाने बुजतात. इंजिन गरम करून आयडलवर ठेवावे, ऑइल भरण्याचे झाकण काढावे आणि हातमोजा फिरत्या पट्ट्यापासून दूर राहील अशा बेताने तोंडावर ताणून बसवावा. तो आत ओढला गेला तर वाट मोकळी आहे. तो फुगून पंजासारखा उभा राहिला तर आतला दाब बाहेर पडायला जागा शोधत आहे, आणि ती जागा बहुधा एखादे ऑइल सील असते. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधले मागचे सील गेले तर त्याची किंमत किरकोळ असूनही गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी मोठी होते. येथेच टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची हालचाल जुळवून ठेवणारा इंजिनातला पट्टा, कधी बदलला तेही विचारून घ्यावे. २४० च्या आठ व्हॉल्व्हच्या इंजिनात बेल्ट तुटला तर गाडी नुसती बंद पडते. पाच सिलिंडरच्या इंजिनात व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून इंजिनच उघडावे लागते. बेल्ट बदलल्याची कागदोपत्री नोंद नसेल तर तो बदललेला नाही असेच धरावे.

यानंतर सुरक्षेच्या सामानाकडे वळावे, आणि सुरुवात सीट बेल्टपासून करावी. प्रत्येक पट्टा अगदी शेवटपर्यंत सावकाश बाहेर ओढावा. कडांचे धागे विसविशीत झाले आहेत का, पट्ट्याला लाटांसारख्या वळ्या पडल्या आहेत का आणि खांद्याजवळच्या कडीवर वितळल्यासारखा चकचकीत ओरखडा आहे का, हे पाहावे. तसा ओरखडा म्हणजे मोठा भार घेतल्याची खूण असू शकते. एक झटका देऊन पट्टा अडकतो का आणि सोडल्यावर आपोआप पूर्ण आत जातो का, हे तपासावे. पट्ट्याला शिवलेल्या चिठ्ठीवर तारीख असेल तर ती वाचावी. तीन पट्ट्यांची तारीख गाडीच्या जन्माशी जुळते आणि एकाचीच कितीतरी नंतरची निघते, तेव्हा तो का बदलला, हा प्रश्न विकणाऱ्याला विचारायलाच हवा. खिडक्यांच्या काचांवरील खुणांनाही हीच कसोटी लावता येते.

किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा क्षणभर लागून विझला पाहिजे. तो लागतच नसेल तर खूश होऊ नये. बिघाड लपवण्यासाठी कोणीतरी तो दिवाच काढला असण्याची शक्यता असते. व्हिप्स असलेल्या पुढच्या सीटची पाठ मागून धडक बसल्यावर ठरावीक पद्धतीने मागे सरकते आणि त्यातील भाग कायमचा वाकतो. म्हणून गाडीला पूर्वी मागून धडक बसली असेल तर सीट वरकरणी ठीक दिसली तरी ती यंत्रणा जाणकाराकडून तपासून घ्यावी. सिटी सेफ्टीच्या पहिल्या आवृत्तीचा लेसर पुढच्या काचेच्या वरच्या भागात, आरशामागे असतो आणि ती ताशी सुमारे ३० किलोमीटर वेगापर्यंतच काम करते. काच बदललेली असल्यास सेन्सरसमोरचा भाग स्वच्छ, सलग आणि योग्य प्रकारचा आहे ना, हे पाहावे. टायरच्या कडेवरील चार आकड्यांतून तो कोणत्या वर्षाच्या कितव्या आठवड्यात बनला हे कळते. एवढ्या सगळ्या यंत्रणा शेवटी त्या चार टायरांच्या पकडीवरच चालतात, तरी पाहणी करताना लोक नक्षीची खोली तेवढी पाहतात आणि तारीख वाचत नाहीत.

सर्वांत शेवटी चासी नंबर घेऊन उत्पादकाने दुरुस्तीसाठी परत बोलावलेल्या गाड्यांत ही गाडी आहे का, हे अधिकृत विक्रेत्याकडे विचारावे. बोलिनचा तीन बिंदूंचा पट्टा जगाला देणाऱ्या याच कंपनीने २०२० मध्ये २१ लाखांहून अधिक गाड्या परत बोलावल्या. कारण होते पुढच्या सीट बेल्टला जोडलेली पोलादी तार : काही वापरपरिस्थितीत ती हळूहळू कमकुवत होऊ शकते, असे आढळले होते. एस ६०, व्ही ७०, एस ८० आणि एक्ससी ६० यांच्या अनेक सालांच्या गाड्या त्यात होत्या. ही दुरुस्ती विनामूल्य होती, तरी गाडी एका हातातून दुसऱ्या हातात जाताना ती राहून गेलेली असू शकते. म्हणून ‘झाली असेल’ या उत्तरावर समाधान मानू नये. काम झाल्याची नोंद पाहावी, आणि ती नसेल तर व्यवहार पूर्ण करण्याआधीच ते काम करून घ्यायला सांगावे.