लकव्यानंतर आधी धड सावरा: पोट-कंबरेचे व्यायाम

लकव्याचा झटका आला की भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा हाताने दाबायला रबरी चेंडू आणतो. सांगलीत आमच्या अण्णांच्या उशाशी चार जमले होते. कबुतराचं रक्त चोळा, असंही दोघांनी सांगितलं. धडाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. पोट, पाठ, कंबर ढिली असेल तर हातापायांनी जोर लावायचा कशाच्या आधारावर? रक्तदाब ताब्यात आहे आणि फिजिओथेरपिस्टचा होकार आहे, हे धरून पुढचं सांगते.

उताणं झोपवा, गुडघे दुमडा. कंबर गादीला टेकेल असं पोट आत घ्यायचं, पाच आकडे मोजून सोडायचं. मग कंबर उचलायची. लकव्याकडचा गुडघा बाहेर कलंडतो, तो तुम्ही धरा. दहा वेळा पुरे.

आता बसणं. इथे मी दीड महिना वाया घालवला. अण्णांना लोडांमध्ये हळदीच्या पोत्यासारखं चेपून बसवायची आणि पडत नाहीत म्हणून खूश व्हायची. अहो, लोड आहे म्हटल्यावर धड कशाला काम करेल? लोड काढा. कॉटच्या कडेला बसवा. तळवे जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत, नाहीतर खाली पाट द्या. आमची कॉट उंच, पाय लोंबकळायचे आणि बोलणी अण्णांना बसायची.

माणूस सगळा भार चांगल्या बाजूवर टाकतो आणि त्या हाताने कॉट घट्ट धरतो. तो हात सोडवा. तुम्ही लकव्याच्या बाजूला चिकटून बसा. मी मांडीवर तासगावच्या बेदाण्यांची वाटी धरायची. चांगल्या हाताने एक उचलायचा, सरळ व्हायचं, मगच खायचा. ते सरळ होणं हाच व्यायाम. गिळताना ठसका लागत असेल तर बेदाणे नकोत, कपड्यांचे चिमटे ठेवा. काही रुग्ण उलट लकव्याकडेच स्वतःला ढकलतात. त्यांना हे करायला लावू नका, फिजिओला विचारा.

श्वास कोंडला की रक्तदाब चढतो, म्हणून आकडे मोठ्याने मोजायला लावा. बोलता येत नसेल तर नुसता हुंकार चालेल.

आणि लकव्याचा हात धरून कुणालाही ओढू देऊ नका. आमच्याकडे एका नातेवाइकाने प्रेमाने ओढलं, खांदा निखळला. उठवताना कंबरेला धरा.

दिवसातून तीनदा, दहा-दहा मिनिटं, जेवणाआधी. चक्कर आली किंवा छातीत दुखलं तर लगेच थांबा. तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं तर 108 लावा.