अमूर्त चित्रातला प्रकाश : शिकताना उमगलेले काही

वास्तवदर्शी चित्रात प्रकाशाची दिशा आधी ठरते. खिडकी डावीकडे असेल, तर सावली उजवीकडे पडते. अमूर्त चित्रात वस्तूच नसते, त्यामुळे प्रकाश शेजारच्या रंगांच्या नात्यातून आणि रंगथरांच्या रचनेतून निर्माण करावा लागतो. हे कळायला मला जवळजवळ दोन वर्षे लागली. तोवर चित्र उजळ करायचे म्हणजे रंगात पांढरा मिसळायचा, अशी माझी समजूत होती. टायटॅनियम व्हाइट हा नेहमीचा पांढरा रंग अतिशय अपारदर्शक असल्याने रंग फिकट होई, पण त्याचे तेज जाई आणि कॅनव्हास खडूने माखल्यासारखा दिसे.

यातून बाहेर काढले ते करड्या रंगाच्या सरावाने. एकच करडा तुकडा काळ्यावर ठेवला की उजळतो आणि पांढऱ्यावर ठेवला की मंदावतो. चित्रकार जोसेफ आल्बर्स यांनी १९५० पासून आयुष्याच्या अखेरपर्यंत चौकोनात चौकोन रंगवत रंगांच्या याच परस्परपरिणामाचा शोध घेतला. नव्याने शिकणाऱ्यांनी आपल्या चित्राचे कृष्णधवल छायाचित्र जरूर काढून पाहावे. रंगांची गर्दी असूनही सारे एकाच करड्यात विरघळले, तर दोष रंगांच्या निवडीत नसून त्यांच्या गडद-उजळ अंतरात आहे.

खरा आनंद मात्र पारदर्शक थरांत आहे, आणि येथे घाई अजिबात चालत नाही. पांढऱ्या अस्तरावर (कॅनव्हासवर आधी दिलेल्या पांढऱ्या थरावर) पातळ, पारदर्शक रंग दिला की प्रकाश त्यातून आत जातो, अस्तरावरून परततो आणि पुन्हा त्याच रंगातून गाळला जाऊन डोळ्यापर्यंत पोहोचतो. म्हणून असा रंग आतून उजळल्यासारखा भासतो. अमेरिकी अमूर्त चित्रकार मार्क रॉथको यांच्या चित्रांतील धूसर आयत अशाच विरळ थरांतून घडले आहेत. भारतीय अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफ (रंग पसरवण्याची-खरवडण्याची बोथट सुरी) वापरून रंग लावत आणि काढतही असत. काढणे हीसुद्धा रंगवण्याचीच क्रिया आहे, हे मला त्यांच्या चित्रांसमोर बराच वेळ उभे राहिल्यावर पटले. तैलरंगात खालचा थर पुरता वाळण्यापूर्वी वरचा दिला, तर दोन्ही मिसळून मळकट होतात; माझी कितीतरी चित्रे अशी बिघडली आहेत.

खोलीतल्या दिव्याचाही विचार हवा. पिवळसर दिव्याखाली निळा मंद दिसतो, म्हणून मी रात्री तो वाढवत गेलो आणि दिवसाच्या उजेडात तेच चित्र बोचरे थंड वाटले. तेव्हापासून रंगांचा निर्णय मी दिवसाच घेतो.

पृष्ठभागाचा पोतही प्रकाश घडवतो. फ्रेंच चित्रकार पिएर सुलाझ यांनी १९७९ पासून जाड काळ्या रंगात चरे पाडून असे कॅनव्हास केले, ज्यांत काळ्यावरून परावर्तित होणारा प्रकाश हाच चित्राचा विषय होतो. पाहणारा दोन पावले सरकला की गडद पट्टा रुपेरी होतो. हे छायाचित्रातून समजत नाही. आपल्या जाड थराच्या चित्रावरही एका बाजूने तिरका दिवा धरून पाहावे. समोरून सपाट वाटणाऱ्या जागी कुंचल्याची प्रत्येक रेघ वेगळी उमटते आणि कोणती ठेवावी, कोणती खरवडून काढावी, हे ठरवता येते.