ट्रबलसम की ट्रबल्ड?

म्हापशाला माझ्याकडे इंग्रजी शिकायला येणाऱ्या मुलांच्या वहीत एक चूक वारंवार दिसते. म्हणायचं असतं 'त्रासदायक' आणि लिहिलेलं असतं 'ट्रबल्ड'. अर्थ पार उलटतो. त्रास देणारं ते ट्रबलसम; ज्याला त्रास होतोय तो ट्रबल्ड. नारळाच्या झाडावरची माकडं ट्रबलसम, बागायतदार ट्रबल्ड.

तिसरा भाऊ 'ट्रबलिंग'. त्यात काळजीचा सूर असतो. पावसाळ्यात आठवडाभर ढास लागली तर तो 'अ ट्रबलसम कफ'. त्याच खोकल्यात रक्त दिसलं तर मात्र ती 'ट्रबलिंग' गोष्ट, लगेच डॉक्टर गाठायची.

'ट्रबलसम'च्या शेवटचं 'सम' म्हणजे 'काही' नव्हे. तो गुण दाखवणारा प्रत्यय आहे, 'टायरसम' (कंटाळवाणा), 'क्वारलसम' (भांडखोर) यांच्यासारखा. मूळ 'ट्रबल' फ्रेंचमधून आला आणि मागे जाऊन लॅटिनच्या 'गढूळ' या अर्थाच्या शब्दाला भिडतो. जुलैतली मांडवी नदी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे नातं समजावून सांगावं लागत नाही.

पंचायतीला इंग्रजीत अर्ज लिहिताना शेजाऱ्यालाच 'ट्रबलसम' म्हणू नका. तो माणसावरचा शेरा होतो, आणि वाद्दो (गावातली वाडी) लहान असतो. त्याऐवजी 'द नॉइज ॲट नाइट इज ट्रबलसम' लिहा. तक्रार आवाजापुरती राहते. तुलना करायची झाली तर 'ट्रबलसमर' नाही, 'मोअर ट्रबलसम'.