ट्रॅक्टरची बॅटरी उतरलीय? स्लो चार्जरला लावताना या चुका टाळा

खानदेशात ट्रॅक्टरला वर्षभर सारखं काम नसतं. नांगरटीला आणि पेरणीला रात्रंदिवस पळालेला ट्रॅक्टर कपाशी वाढीला लागली की शेडमध्ये उभा राहतो. मग रब्बीच्या तयारीला चावी फिरवावी, तर सेल्फ एकदा 'कट' करतो आणि गप्प बसतो. लगेच कोणीतरी म्हणतं, "बॅटरी गयी भाऊ, नवी टाक." नवीचा खर्च करण्याआधी थोडं थांबा. अशा पुष्कळ बॅटऱ्या दोन दिवस कमी ॲम्पियरच्या चार्जरवर ठेवल्या की उठतात. त्यांचं खरं नुकसान होतं ते आधी केलेल्या उशिराने आणि नंतर केलेल्या घाईने.

आधी उशिराचं बघू. बॅटरी उतरते तेव्हा आतल्या शिशाच्या प्लेटांवर सल्फेटचा थर बसतो. तो ताजा असताना चार्जिंग केलं तर निघून जातो. काही आठवडे तसाच राहिला तर कडक होतो, आणि मग कितीही चार्ज करा, तेवढा भाग कामातून जातो. "लागेल तेव्हा बघू" म्हणत उतरलेली बॅटरी तशीच ठेवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. आपल्याकडे ऊनही नडतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की उभ्या बॅटरीचा आपोआप उतरण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, पत्र्याच्या शेडमध्ये तर त्याहून जास्त. उन्हाळ्यात झालेली ही झीज कळते मात्र धुळ्याकडच्या थंडीत, पहाटे सेल्फ मारताना, कारण गारठ्यात बॅटरीचा जोर कमी पडतो आणि इंजिनातलं ऑइलही घट्ट झालेलं असतं.

म्हणून आधी मल्टीमीटर लावा. बॅटरी काही तास नुसती ठेवून मोजली तर १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे जवळपास अर्धी, आणि १२ च्या खाली आली की चार्जिंगला लावायला एक दिवसही उशीर नको. दुसऱ्या ट्रॅक्टरची बॅटरी जोडून इंजिन चालू केलं आणि शेताला एक चक्कर मारली, एवढ्याने पूर्ण उतरलेली बॅटरी भरत नाही. उलट रिकामी बॅटरी डायनामोवर जास्तीचा भार टाकते.

आता घाईचं. गावातल्या बॅटरीवाल्याकडे मोठा चार्जर असतो आणि आपण म्हणतो, "दोन तासांत करून दे." जोरात करंट ढकलला की बॅटरी तापते, पाणी उडतं, प्लेटा वाकतात. साधा नियम असा की, बॅटरी जितक्या ॲम्पियर-अवरची (ही तिची क्षमता, बॅटरीवर लिहिलेली असते), त्याच्या दहाव्या भागाइतका करंट पुरे. ८८ ॲम्पियर-अवरच्या बॅटरीला आठ-नऊ ॲम्पियर. पूर्ण उतरलेली असेल तर त्याहूनही कमी चांगला. पण कमी म्हणजे किती वेळ लागेल याचा हिशेब आधी करा. दोन ॲम्पियरच्या ट्रिकल चार्जरवर हीच बॅटरी पूर्ण भरायला दोन दिवसांच्या वर लागतात, आणि मोटारसायकलसाठी घेतलेल्या एक ॲम्पियरच्या चार्जरवर चार दिवसांच्या वर. रात्री लावून सकाळी काढली आणि "चार्जच होत नाही" म्हणून फेकली, असं फार होतं. मळ्यात लाईट जात-येत असेल तर लाईट होती तेवढेच तास धरा. नाहीतर बॅटरी घरी आणा. वीस-पंचवीस किलोचं ओझं आहे, दोघांनी उचला आणि आडवी करू नका.

कधी कधी चार्जर लावला तरी त्याचा दिवाच लागत नाही आणि चार्जर खराब आहे असं वाटतं. बॅटरी फारच खाली गेली असेल तर नवे ऑटोमॅटिक चार्जर तिला ओळखतच नाहीत. अशा वेळी चांगली १२ व्होल्टची बॅटरी प्लसला प्लस, मायनसला मायनस अशी दहा-पंधरा मिनिटं जोडून ठेवा, काढा, आणि मग चार्जर लावा. बहुतेक वेळा तो सुरू होतो.

पाण्याकडे मात्र नीट लक्ष द्या. बूचवाली बॅटरी असेल तर सहाही बुचं उघडा आणि टॉर्च मारा. पाण्याखाली प्लेटांच्या कडा बुडालेल्या दिसल्या पाहिजेत. त्या उघड्या पडल्या असतील तर बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर आधी घाला, आणि खुणेपर्यंत पातळी चार्जिंग झाल्यावर करा. आधीच काठोकाठ भरली तर चार्ज होताना पाणी फुगून ॲसिड बाहेर येतं. बोअरचं पाणी कधीच नको, त्यातले क्षार प्लेटा खातात. जारचं थंड पाणीही डिस्टिल्ड नसतं. ग्रॅव्हिटी, म्हणजे बॅटरीतल्या ॲसिडमिश्रित पाण्याचा दाटपणा, कमी दिसली म्हणून ॲसिड ओतणंही चूक आहे. ॲसिड कुठे गेलेलं नसतं, ते सल्फेट होऊन प्लेटांवर बसलेलं असतं आणि चार्जिंगने परत पाण्यात येतं.

चार्जिंग शेवटाला आलं की बॅटरीच्या घरांतून (सेलमधून) बारीक बुडबुडे येतात आणि कान लावला तर चुरचुर ऐकू येते. तो हायड्रोजन असतो, आणि हवेत त्याचं प्रमाण चार टक्के झालं तरी ठिणगीने भडका उडतो. कापूस वेचणी सुरू झाली की आपल्याकडे खोल्या छतापर्यंत कापसाने भरतात आणि चार्जरसाठी रिकामा प्लग त्याच खोलीत सापडतो. तिथे अजिबात लावू नका. कडब्याजवळही नाही आणि देवघराजवळही नाही. ओट्यावर, सावलीत, वारा लागेल अशा जागी ठेवा आणि लेकरांना लांब ठेवा. चार्जरचं बटण बंद असतानाच चिमटे लावा: आधी प्लस, मग मायनस. काढताना बटण बंद करून आधी मायनस. ट्रॅक्टरवरून बॅटरी काढतानाही मायनस आधी सोडा, कारण प्लसवरचा पाना बॉडीला टेकला तर मोठी ठिणगी पडते. बॅटरीला हात लावून बघत राहा. हात ठेववत नसेल इतकी तापली तर चार्जिंग थांबवा. उन्हाळ्यात हे काम रात्रीच करा.

लाईट गेली की ट्रॅक्टरची बॅटरी इन्व्हर्टरला जोडणं हेही बऱ्याच घरांत चालतं. ही बॅटरी सेल्फसाठी क्षणभर जोराचा करंट द्यायला बनवलेली असते. पंखे-दिव्यांवर रात्रभर उतरवली तर थोड्याच दिवसांत बसते.

चार्जिंग झाल्यावर बॅटरी एक रात्र नुसती ठेवा आणि सकाळी मोजा. १२.६ च्या आसपास टिकली तर ट्रॅक्टरला लावा. साडेदहाच्या जवळ येऊन थांबत असेल तर बहुधा एक घर शॉर्ट आहे. ग्रॅव्हिटी मोजायचा हायड्रोमीटर असेल तर त्या घराची ग्रॅव्हिटी बाकीच्यांपेक्षा बरीच खाली दिसेल. ती बॅटरी आता नव्याच्या बदल्यात दुकानात द्या. तिच्यातलं ॲसिड बांधावर किंवा नाल्यात ओतू नका.

आणि बॅटरी चांगली निघूनही आठवड्यात परत उतरली, तर टेप आणि नंतर बसवलेले एलईडी कुठून जोडलेत ते बघा. बहुतेकदा त्यांची वायर चावीला वगळून थेट बॅटरीवर घेतलेली असते. ती चावीच्या लाईनवर घ्या, आणि ट्रॅक्टर महिनाभर उभा राहणार असेल तर मायनसची वायर सोडून ठेवा.