गाळातल्या लाल अळ्या मोजताय? या चुका टाळा

नागपूरच्या फुटाळा तलावाच्या काठचा काळा गाळ चाळणीत धुऊन पांढऱ्या ट्रेमध्ये ओतला, की लाल दोऱ्याचे तुकडे वळवळायला लागतात. मुलं लगेच ओरडतात, "सर, गांडुळं!" पहिली चूक हीच. मत्स्यालयाच्या दुकानात ‘ब्लडवर्म’ म्हणून मिळणाऱ्या या अळ्या आहेत, कायरोनोमस नावाच्या न चावणाऱ्या, डासासारख्या कीटकाच्या. भिंगाखाली धरा: टणक डोकं आणि त्यामागे आखूड पायांची जोडी स्पष्ट दिसते. लाल रंग हिमोग्लोबिनचा. त्याच्याच जोरावर त्या जेमतेम ऑक्सिजनमध्येही तग धरतात. नमुना टिकवायला वापरतात त्या अल्कोहोलमध्ये हा रंग उडतो, म्हणून आधी रंग लिहून ठेवा, मग बाटली भरा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे "अळ्या भरपूर, म्हणजे तलाव निरोगी" असं समजणं. सांडपाण्यातून आणि खतांतून फॉस्फरस, नायट्रोजन येतो, शेवाळ माजतं, मरून तळाशी बसतं आणि ते कुजवताना जिवाणू ऑक्सिजन खाऊन टाकतात. खोल तलावात उन्हाळ्यात वरचं कोमट आणि खालचं गार पाणी एकमेकांत मिसळत नाही, त्यामुळे तळाला नवा ऑक्सिजन पोचतच नाही. सुरुवातीला खाणं वाढल्यामुळे अळ्यांची संख्या उलट वाढते! पण टॅनिटार्सससारख्या भरपूर ऑक्सिजन लागणाऱ्या अळ्या तोवर निघून गेलेल्या असतात, मागे कायरोनोमस उरतो. प्रदूषण आणखी वाढलं की तोही जातो. मग बहुतेक काचेसारखी पारदर्शक कॅओबोरस अळीच सापडते, कारण ती रात्री वरच्या पाण्यात येऊ शकते. त्यामुळे किती सापडल्या याच्या आधी कोण सापडलं नाही, ते विचारा. जर्मनीच्या ऑगस्ट थीनेमान यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खोल तलावांची प्रतवारी याच अळ्यांवरून लावली होती.

मात्र ती प्रतवारी फुटाळा किंवा नागपुरातल्याच गांधीसागर तलावाला जशीच्या तशी लावू नका. हे तलाव उथळ आहेत, वारा सुटला की पाणी तळापर्यंत ढवळतं. इथल्या गाळात कायरोनोमस असणं साहजिकच आहे, तेवढ्यावरून निकाल देता येत नाही.

बाकी चुका हातघाईच्या. जाड जाळीच्या चाळणीतून लहान अळ्या निसटतात. फक्त काठावरचाच गाळ घेतला जातो. अळ्यांचे कीटक होऊन ते नुकतेच उडून गेले असतील तर गाळ रिकामा वाटतो, म्हणून दरवर्षी त्याच महिन्यात जा. आणि चिठ्ठी पेन्सिलनेच लिहून बाटलीच्या आत टाका. पेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.