हॉटेलात गाडी चार्ज करताना: आधी कोण आलं ते सोडा, आधी कोण निघणार ते विचारा

लाँग वीकेंडला मुंबईतून सुटलेल्या हिरव्या पाटीच्या, म्हणजे विजेवरच्या गाड्या रात्री नऊ-दहाच्या सुमारास लोणावळा, महाबळेश्वर, दापोलीच्या हॉटेलांत एकेका चार्जरभोवती जमा होतात. चार्जर एक, गाड्या तीन, आणि सकाळी प्रत्येकाला शंभर टक्के हवेत. यावर सल्ले भरपूर फिरतात. निम्मे म्हणतात, 'जो आधी आला त्याची गाडी आधी.' उरलेले म्हणतात, 'चार्जर नसेल तर रूममधल्या एसीच्या पॉइंटवरून वायर खाली सोडा.' दोन्हींनी मी वैतागलेलो आहे.

साध्या पॉइंटला लावायचा पोर्टेबल चार्जर डिकीत आहे, चार्जिंगच्या अ‍ॅपच्या वॉलेटमध्ये पैसे आहेत आणि घरून निघताना बॅटरी भरलेली आहे, एवढं धरून चालतो.

१. खरंच गरज आहे का?

लोणावळा दादरहून ८०-८५ किलोमीटर. ४५ युनिटची बॅटरी असलेली गाडी घाट चढून जाते, दोन दिवस टायगर पॉइंट, भुशी डॅम करते आणि घरी परत येते. अलिबागला भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने (गाड्या नेणाऱ्या बोटीने) गेलात तर मांडव्यापासून पुढे वीसेक किलोमीटरच गाडी चालवायची असते. अशा ठिकाणी 'आहे तर लावून ठेवू' म्हणत गन (चार्जरच्या केबलचं गाडीत बसणारं टोक) अडकवून बसणारी मंडळी मला अजून कळलेली नाहीत. त्यांच्या मागे एखादा १५ टक्क्यांवर ताटकळत असतो.

महाबळेश्वर, गुहागर, तारकर्ली यांची गोष्ट वेगळी. तिथे रात्रीचं चार्जिंग लागतंच. पण किती, याचा हिशेब करून ठेवा: परतीच्या वाटेवरच्या पहिल्या भरवशाच्या फास्ट चार्जरपर्यंत लागतील तेवढे टक्के, वर २० टक्के हाताशी. तेवढंच मागायचं. महाबळेश्वरहून तर शंभर टक्के भरून निघण्यात काही अर्थच नाही. पसरणी किंवा आंबेनळी घाट उतरताना मोटर जी वीज परत देते ती काठोकाठ भरलेल्या बॅटरीत जाणार कुठे? हे वीज परत मिळणं, म्हणजे रीजेन, जवळजवळ बंद होतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ९० च्या आत थांबा, घाट पायथ्यापर्यंत थोडी भर आपणहून घालतो.

२. फोन, पण रिसेप्शनला नव्हे

बुकिंग घेणाऱ्याला 'ईव्ही चार्जिंग आहे का' विचारलं की उत्तर ठरलेलं: 'हो सर, आहे ना.' पोचल्यावर दिसतो तो धूळ खात बंद पडलेला डबा, नाहीतर लॉबीतला मोबाइलचा प्लग. म्हणून सरळ सांगा, 'तुमच्या मेंटेनन्सच्या दादांशी बोलायचंय.' त्यांना चारच गोष्टी विचारा. टाइप टूचा, म्हणजे खास गाड्यांसाठीचा चार्जर आहे की १५ अँपिअरचा साधा पॉइंट? गाडी पॉइंटपासून किती लांब उभी राहील? गेल्या आठवड्यात कुणी वापरला का? आणि लाइट गेली तर तो पॉइंट जनरेटरवर असतो का? वायरमनला हे तोंडपाठ असतं. जमलं तर व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागवा. मोठ्या भोकांचं सॉकेट दिसलं आणि त्याच्या कडा काळवंडलेल्या नसल्या की निर्धास्त निघा.

३. पोचल्यावर

आधी चेक-इन, मग मॅनेजरच्या कानावर घालणं, मग चार्जर. चार्जरसमोर पेट्रोलची गाडी उभी असेल तर हॉर्न वाजवू नका, वॉचमनदादांना सांगा, ते मालकाला शोधून आणतात.

मुंबईतल्या मोठ्या हॉटेलांत लग्नाला, जेवणाला गेलात तर किल्ली व्हॅलेकडे (गाडी नेऊन लावणाऱ्या माणसाकडे) जाते आणि चार्जर असतो दुसऱ्या तळघरात, जिथे रेंज नसते. अ‍ॅपवरचं चक्र फिरत राहतं, चार्जिंग काही सुरू होत नाही. खाली जाण्याआधी हॉटेलच्या वायफायचा पासवर्ड घ्या आणि पहिल्यांदा तरी स्वतः सोबत जा. व्हॅलेच्या चिठ्ठीवर 'साडेदहाला काढा' असं लिहून घ्या. त्याला तुमच्या गाडीचे टक्के बघत बसायला वेळ नसतो.

४. चार्जर नाही, नुसता पॉइंट आहे

कोकणातल्या घरगुती राहण्याच्या जागांत बहुतेक वेळा हेच असतं आणि त्यात वावगं काही नाही. ३.३ किलोवॅटने दहा तास लावली की तीसेक युनिट जातात, एवढ्यात मुंबईच्या वाटेला लागता येतं. फक्त एक लक्षात घ्या. गिझर पंधरा-वीस मिनिटं चालतो, एसीचा कॉम्प्रेसर मध्ये मध्ये बंद होतो. गाडी रात्रभर सलग १४-१५ अँपिअर ओढते. सैल सॉकेट गिझर वर्षानुवर्षं सहन करतं, गाडी एका रात्रीत वितळवते. लावल्यावर अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक. चटका बसला तर काढा. गाडीत किंवा चार्जरवर अँपिअर कमी करायची सोय असेल तर १० वर आणा आणि पुन्हा बघा.

एक्स्टेंशन बोर्ड नको. खिडकीतून खाली सोडलेली वायर तर नकोच नको: खिडकीच्या फटीत ती चेमटते, पावसात भिजते आणि अंधारात चालणाऱ्याच्या पायात येते. अर्थिंग नसेल तर चार्जर लाल दिवा दाखवून बंद राहतो. त्यावर 'उपाय' म्हणून न्यूट्रल आणि अर्थ आतून जोडलेला जुगाडू प्लग लोक खिशात घेऊन फिरतात. हे लोक स्वतःला हुशार समजतात. न्यूट्रल कुठे सुटला तर गाडीच्या पत्र्यात करंट येऊ शकतो, आणि सकाळी गाडी पुसायला हॉटेलचा पोरगा येणार असतो. लाल दिवा लागला की विषय संपला, दुसरा पॉइंट बघा.

गाडी चार्जिंगला असताना तुमच्या ड्रायव्हरला आत एसी लावून झोपायला सांगू नका. येणाऱ्या विजेतला मोठा वाटा एसीच खातो. त्याच्यासाठी खोली घ्या. ती तशीही घ्यायला हवी.

५. रात्रीची पाळी

मला सगळ्यात जास्त छळलं ते या पायरीने. एका हॉटेलात रात्री दहाला लावलेली गाडी पहाटे बघतो तर ३१ टक्के. कुणीतरी माझा प्लग भिंतीतून काढून स्वतःचा लावला होता. मला सातला निघायचं होतं, ते गृहस्थ दुपारी जेवून निघणार होते. वर त्यांचं म्हणणं असं की ते संध्याकाळी सहापासून आलेले होते, फक्त गाडी लावायची राहिली होती, म्हणजे 'आधी' तेच. प्लगला हात लावायचा त्यांना काडीचाही अधिकार नव्हता, पण 'आधी आला' हा नियम किती पोकळ आहे ते मला त्या सकाळी कळलं. आधी म्हणजे गेटमध्ये शिरलेला, चेक-इन केलेला की गन लावलेला? ज्याला जो अर्थ सोयीचा, तो तो धरतो.

म्हणून मी एकच विचारतो: सकाळी कोण कधी निघणार?

हिशेब बघा. ७.२ किलोवॅटचा चार्जर तासाला साधारण सात युनिट देतो. ४५ युनिटची बॅटरी ३० वरून ८० टक्क्यांवर न्यायला साडेबावीस युनिट लागतात, वाया जाणारी वीज धरून साडेतीन तास. संध्याकाळी सात ते सकाळी दहा हे झाले पंधरा तास. त्यात चार गाड्या होतात! तरी दुसऱ्याच गाडीवर भांडण होतं, कारण रात्री दोनला पांघरुणातून उठून गाडी हलवायला कुणी तयार नसतं. त्यामुळे पाळ्या अशा लावायच्या की मध्यरात्री कुणालाच उठावं लागू नये.

सगळ्यात लवकर निघणाऱ्याला रात्रीची पाळी द्या. अकराला लावेल आणि सहाला स्वतःच गाडी काढून जाईल, जागा आपोआप मोकळी. उशिरा निघणाऱ्याने संध्याकाळी पोचल्यापासून जेवणापर्यंत लावावी आणि पान-सुपारी झाली की काढावी. तिसरा असेल तर त्याला नाश्त्यानंतरची. ज्यांचा मुक्काम दोन रात्रींचा आहे त्यांनी रात्रीच्या भानगडीत पडूच नये. दुपारी वामकुक्षीच्या वेळी चार्जर ओस पडलेला असतो.

हे ठरवायची वेळ म्हणजे जेवणाची, जागा म्हणजे डायनिंग हॉल. मॅनेजरला विचारा, 'हिरव्या पाटीच्या गाड्या कुणाकुणाच्या?' तो टेबलं दाखवतो. उठून जा, नमस्कार करा आणि पहिलं वाक्य स्वतःच्या गरजेचं बोलू नका. 'तुम्ही उद्या किती वाजता निघताय?' एवढं विचारलं की पुढचं बोलणं सोपं होतं. बायकामुलं सोबत असतात, समोर ताट असतं, अशा वेळी माणूस सहसा अडून बसत नाही. हाच माणूस रात्री बाराला पार्किंगमध्ये एकटा भेटला तर वाघ असतो. नंबर घ्या. मॅनेजरला निरोप्या ठेवा, न्यायाधीश करू नका, त्याला दोघांचीही बिलं घ्यायची असतात.

मग गाडीत मर्यादा ८० ची लावा, फोनवर गजर लावा आणि काचेच्या आत चिठ्ठी ठेवा: 'रूम २०४. अकराला काढतो. घाई असेल तर फोन करा, झोपलो असलो तरी.' खाली मोबाइल नंबर. 'झोपलो असलो तरी' हे तीन शब्द लिहाच, नाहीतर लोक संकोचाने फोन करत नाहीत आणि रागाने प्लग काढतात.

दुसऱ्याचा प्लग किंवा गन काढायची नाही, त्याची बॅटरी शंभर टक्के भरलेली दिसली तरी. बऱ्याच गाड्यांत गाडी लॉक असेपर्यंत गन अडकलेलीच असते. ओढाताण केली तर खिट्टी तुटते आणि मग ती कुणाच्याच कामाची राहत नाही. हॉटेलात फास्ट चार्जर असेल तर त्याच्यावरचं लाल बटण आगीसाठी, शॉकसाठी आहे. दुसऱ्याची गन सुटावी म्हणून ते दाबणारे महाभाग मी पाहिलेत. बटण फिरवून वर काढलं तरी काही यंत्रं पुन्हा सुरू होत नाहीत, आणि कंपनीचा माणूस सोमवारशिवाय येत नाही. तोवर सगळ्यांचीच बोंब.

समोरचा ऐकतच नसेल तर? सोडून द्या. सकाळी वाटेवर फास्ट चार्जरला पाऊण तास थांबून मिसळ खा. वीस टक्के हाताशी ठेवायला उगाच सांगितलं नव्हतं.

६. पैसे

मागितले नाहीत तरी द्या. हॉटेलला वीज सहसा व्यावसायिक दराने पडते, घरच्या दराने नाही. काही मालक म्हणतात, 'आम्हाला वीज विकता येत नाही हो, लायसन लागतं.' तसं नाही. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच स्पष्ट केलंय की गाडी चार्ज करून देणं ही सेवा आहे, त्यासाठी वीज कायद्याखाली परवाना लागत नाही. हे नम्रपणे सांगा, त्यांना बरंच वाटतं.

रक्कम सोपी. ४५ युनिटची बॅटरी ३० वरून ९० वर गेली तर २७ युनिट, दहाएक टक्के नासधूस धरून ३०. मी युनिटला २० रुपये धरतो, म्हणजे ६००. पाकिटात घालून न देता बिलात 'गाडी चार्जिंग' अशी वेगळी ओळ टाकायला सांगा. मालकाला महिनाअखेरीला ती ओळ दिसली की दुसरा पॉइंट बसवायचा विचार त्याच्या डोक्यात येतो. वायरमन आणि वॉचमनला वेगळे द्या, ते मात्र हातात. आणि घरगुती जागेत काकूंनी 'राहू दे हो, पाहुण्यांकडून विजेचे काय घ्यायचे' म्हटलं तर कोकम, आंबापोळी, पापड त्यांच्याकडूनच विकत घ्या, घासाघीस न करता.

७. निघताना

केबल पुसून गुंडाळा, गनचं तोंड खाली ठेवून अडकवा, पॉइंटचं बटण बंद करा.

जागेची माहिती प्लगशेअरसारख्या, चार्जिंगच्या जागा दाखवणाऱ्या अ‍ॅपवर टाकत असाल तर कामाची टाका: पॉइंट कुठल्या खांबाजवळ, किती अँपिअरचा, जनरेटरवर चालतो की नाही, युनिटला किती घेतात. 'छान अनुभव' वाचून कुणाची बॅटरी भरत नाही. आणि चार खोल्यांच्या घरगुती जागेतला एकुलता एक पॉइंट असेल तर आधी मालकाला विचारा. 'फुकट चार्जिंग' असं लिहून तुम्ही मुंबईला परतता, आणि पुढच्या शनिवारी न राहणाऱ्या पाच गाड्या त्यांच्या अंगणात येऊन उभ्या राहतात.