बॉल पायथनची कात तुकड्यांत निघत होती: पेटीतील आर्द्रतेचा माझा अनुभव

नाशिकमध्ये मार्चपासून हवा इतकी कोरडी होते की माझ्या बॉल पायथनच्या (पाळीव अजगराच्या) पेटीतील आर्द्रता दुपारी ३० टक्क्यांपर्यंत उतरत असे, आणि कात अखंड न निघता तुकड्यांत सुटून डोळ्यांवरचे आवरण मागे राहत असे. फवाऱ्याने वाढलेली आर्द्रता थोड्याच वेळात पुन्हा घसरे. जाळीवर ओला टॉवेल टाकल्यास कुबट वास येई. ती अडकलेली कात पाहून जीव कासावीस होई.

अखेर पुढील क्रम लागू पडला. प्रथम ऊब देणाऱ्या दिव्याखालची जागा सोडून जाळीच्या झाकणाचा बहुतेक भाग ॲल्युमिनियम फॉइलने बंद केला, कारण तापलेली हवा ओलावा घेऊन तिथूनच बाहेर पडत होती. मग खत न मिसळलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आठ ते दहा सेंटिमीटर जाडीने पसरले आणि पाणी वरून न शिंपडता कोपऱ्यांत हळूहळू ओतले, जेणेकरून तळाचा थर ओलसर राहील, पण सापाच्या पोटाला लागणारा पृष्ठभाग कोरडाच राहील. ही बाब सर्वांत महत्त्वाची आहे, कारण सततच्या ओल्या पृष्ठभागामुळे पोटाच्या खवल्यांना संसर्ग होतो. त्यानंतर लपण्याच्या डब्यात ओलसर स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारे शेवाळ) भरले आणि आर्द्रतामापकाचा सेन्सर झाकणाजवळून काढून थंड बाजूला, जमिनीलगत बसवला.

आता आर्द्रता ६० ते ७० टक्के टिकते आणि कात सलग निघते. डोळ्यांवर अडकलेले आवरण मात्र कधीही ओढू नये. ते पशुवैद्यकाकडूनच काढून घ्यावे. पावसाळ्यात आकडा सतत ८० च्या वर राहू लागल्यास फॉइल थोडे थोडे उघडावे.